सासूला चालेल असं नाव

आई,

मी तुझ्यावर रागावले आहे. हा काही जुना, मुरलेला राग नाही; गेल्या पंधरवड्यातला आहे, अजून गरम आहे. तुला जाऊन वीसएक वर्षं झाली. गेलेल्या माणसावर रागावू नये असं लोक म्हणतात, पण रागवायचं कारणच मला आत्ता कळलं त्याला मी काय करू? तू असतीस तर तुला समोर बसवून विचारलं असतं, आणि तू नेहमीसारखी पदराला हात पुसत, ‘दूध उतू जाईल’ म्हणत उठून गेली असतीस. आता तुला उठून जाता येणार नाही. तेव्हा ऐक.

मला माझं नाव कधी आवडलं नाही, हे तुला माहीत होतं. थोरल्या तिघींची नावं कशी होती बघ. एकीचं देवीचं, एकीचं नदीचं, एकीचं फुलाचं. चौथी मी, तर दीना. आजी ‘दीने, ए दीने’ अशी हाक मारायची, आणि त्या हाकेतच एक चुकचुकणं असायचं. गल्लीतल्या बायका तुझ्या देखत म्हणायच्या, ‘चौथी बी पोरगीच, दीन न्हाई तर काय म्हनायचं?’ मग दोन वर्षांनी भाऊ झाला आणि आजीचा शब्द खरा ठरला. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, ‘पोरीचं नाव दीना ठेवलं तवा कुटं देवाला दया आली.’ म्हणजे माझं नाव हा भावासाठी बोललेला नवस होता. लहानपणी मला असंच वाटायचं, की मी देवापुढे पसरलेला हात आहे आणि त्या हातावर भाऊ ठेवला गेला. एकदा काम झाल्यावर त्या हाताकडे कोण बघतंय?

सहावीत असताना मराठीच्या तासाला गुरुजींनी फळ्यावर समानार्थी शब्द लिहिले. दीन, म्हणजे गरीब, लाचार, केविलवाणा. लिहून त्यांनी खडू खाली ठेवला आणि सगळा वर्ग मागे वळून माझ्याकडे बघायला लागला. गुरुजी पण हसले. वाईट नव्हते ते, पण हसले. त्या दिवशी मी दप्तर घेऊन पळतच घरी आले. तू चुलीपुढे बसलेली. काटवटीत पीठ, तव्यावर एक भाकरी, चुलीच्या तोंडाशी एक फुगायला लावलेली. मी दारातूनच ओरडून विचारलं, ‘आई, माझं नाव दीना का ठेवलंस?’ तू मागे वळलीही नाहीस.

‘नाव हाय ते. हाक मारली की वळायचं, येवढंच त्याचं काम.’

‘पण त्याचा अर्थ...’

‘अर्थ बघत बसलं तर भाकरी करपंल. जा, हौदातनं पानी आन.’

मी पाणी आणलं. तुझी पाठ मला अजून दिसते, निळ्या चोळीची, घामानं भिजलेली. मला वाटलं तुला लाज वाटतेय. लाजेनं तू तोंड फिरवलंयस. ती पाठ मी पुढे तीस-पस्तीस वर्षं डोक्यात घेऊन फिरले. आता मला कळलंय की त्या पाठीपलीकडे काय होतं, आणि म्हणून माझं डोकं फिरलंय.

त्यानंतर वर्षाच्या आत आजी गेली. हे लक्षात ठेव, मी पुन्हा इकडे येणार आहे.

बारावी झाल्यावर लग्न ठरलं, सांगलीचं स्थळ. लोणंदच्या बाजारातून तू भांडी घेतलीस आणि दुकानदाराकडे बसून एका डब्यावर नाव कोरून घेतलंस. चार कप्प्यांचा स्टीलचा जेवणाचा डबा, वरच्या झाकणावर ‘दीना’. मी म्हटलं, ‘आडनाव घाल की, नाहीतर बापाचं म्हणून दादांचं घाल. माझं कशाला?’ तू म्हणालीस, ‘डबा तुजा हाय.’ बाकी कशावर नाव घातलं नाहीस, त्या एका डब्यावर घातलंस. मला तो डबा नको होता. सासरी गेल्यावर तांदळाचं ताट पुढे आलं, नवऱ्यानं अंगठीनं तांदळात नाव काढलं, संपदा. सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, ‘दीना कसलं नाव बाई, घरात दारिद्र्य यायचं.’ लोक हसले. तू तिथेच होतीस, आजी नव्हती म्हणून स्वतःच पाठराखणीला आलेली. खांबाला टेकून उभी होतीस आणि खाली फरशीकडे बघत होतीस. मी तुझ्याकडे बघितलं. माझ्या मनात काय होतं सांगू? मला बरं वाटत होतं. सुटले असं वाटत होतं. ते नाव अंगावरून जुन्या फ्रॉकसारखं उतरवून मी टाकून दिलं आणि हसत हसत ताटातल्या तांदळाकडे बघितलं. तू एक शब्द बोलली असतीस तर! जाताना कानात तरी सांगितलं असतंस. तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास आणि म्हणालीस, ‘नीट ऱ्हा.’

नीटच राहिले मी. संपदा म्हणून राहिले. आता कुपवाडला एका कारखान्यात आहे, पंपाचे सुटे भाग होतात तिथे. तपासणीच्या टेबलावर दहा-बारा बायका माझ्या हाताखाली आहेत. मला सगळे संपदाताई म्हणतात. मी स्कूटीवरून जाते-येते. तो डबा वर्षानुवर्षं माळ्यावर पडला होता, पण एकदा नवा डबा गळायला लागला म्हणून खाली काढला आणि मग तोच वापरात राहिला. जेवायच्या सुट्टीत टेबलावरच्या मुलींनी विचारलं, ‘ताई, ही दीना कोण?’ मी म्हटलं, ‘आहे कुणीतरी जुनी.’

हे सगळं असंच चाललं असतं. पण गेल्या महिन्यात भावाला तिसरी मुलगी झाली.

तो आता फौजेतून रिटायर होऊन साताऱ्यात राहतो. एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीचं काम बघतो. चाळिशी उलटली आहे. पहिल्या दोघींनंतर बायकोला नको होतं, पण त्याला बघायचं होतं. बघितलं. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याचा फोन आला. ‘ताई, बारशाला ये. आत्या तूच जवळची. नाव मी ठरवलंय, तू फक्त कानात सांगायचं.’

‘काय ठरवलंयस?’

‘इती.’

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, ‘म्हणजे रे?’

‘इति म्हंजे संपलं. झालं, आता पुरे. कसं हाय नाव? मॉडर्न हाय, ताई. लोक ठेवत्यात आता.’

मी फोन कानाला धरून गच्चीत उभी होते. समोरच्या घराच्या दोरीवर कपडे वाळत होते आणि मला एकदम आजीचा आवाज ऐकू आला. आपल्याकडे, आपल्या जिल्ह्यात, नको असलेल्या मुलीला नकुशी म्हणायचे. तू तर अशा चार-पाच जणी बघितल्या असशील. आता अंगणवाडीची ताई विचारते, शाळा विचारते, चारचौघांत लाज वाटते, म्हणून नकुशी बंद झालं. पण काम तर तेच करायचं आहे ना? मग दोन अक्षरांचं, ऐकायला गोड, इंग्रजी शाळेत शोभणारं नाव शोधायचं आणि त्याच्या पोटात तेच भरायचं. नकुशी निदान तोंडावर होतं. हे गुळात घोळलेलं आहे. मी त्याला म्हटलं, ‘तुला त्याचा अर्थ कळतोय ना?’ तो म्हणाला, ‘व्हय की, म्हनूनच तर.’

माझी लेक कॉलेजात आहे. ती शेजारी बसून हे ऐकत होती. तिला राग आला, माझ्यासारखाच येतो तिला. ती म्हणाली, ‘आपण दुसरं चांगलं नाव शोधू, मामाला पाठवू.’ मोबाइलवर नावं आणि त्यांचे अर्थ बघत बसली. बघता बघता तिनं गंमत म्हणून माझं माहेरचं नाव घातलं. मी आत भाजी निवडत होते. ती तिथूनच ओरडली, ‘आई, तुझं नाव मराठी नाहीच!’

मी म्हटलं, ‘काहीतरी बोलू नको.’

‘अगं खरंच. हिब्रू आहे. ज्यू लोकांची जुनी भाषा. दीन म्हणजे तिकडे न्याय, निवाडा. आणि दीना म्हणजे जिला न्याय मिळाला ती. जिची बाजू खरी ठरली ती.’

मी हसले. म्हटलं, योगायोग असेल, उच्चार सारखा असेल. लोणंदजवळच्या खेड्यात, उसाच्या रानात राहणाऱ्या आमच्या घरात हिब्रू कुठून येणार? पण ती वाचत राहिली. त्या लोकांच्या एका फार जुन्या कथेत म्हणे एका बापाला बारा मुलगे होते आणि नाव कळतं अशी एकच मुलगी, दीना. मुलगे जन्मले तेव्हा प्रत्येकाचं नाव का ठेवलं ते सांगितलंय, आईनं काय म्हटलं तेही सांगितलंय. मुलीच्या वेळी फक्त, मुलगी झाली, तिचं नाव दीना ठेवलं. का ठेवलं ते नाही. माझी लेक म्हणाली, ‘बघ ना, तिथेपण कुणी सांगितलं नाही.’ ती सहज बोलून गेली. मी मात्र भाजी तशीच टाकून थोरलीला फोन लावला. चौघींत आता तीच तुझ्याबद्दल काही सांगू शकते. मी जन्मले तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती.

मी म्हटलं, ‘आक्का, माझं नाव कुणी ठेवलं गं?’

ती म्हणाली, ‘तुला कुनी सांगितलं?’

आई, बघ. ‘कसलं काय’ नाही, ‘मला नाही माहीत’ नाही. ‘तुला कुनी सांगितलं?’ म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी होतं आणि ते हिला माहीत होतं. मी फोनवरच भांडायला लागले तशी ती म्हणाली, ‘फोनवर नगं. बारशाला येनार हायस न्हवं? तिथं सांगते.’

बारशाच्या दिवशी मी पहाटेची एसटी धरून साताऱ्याला पोचले. भावाच्या घरात गडबड होती. हॉलमध्ये पाळण्याच्या वरच्या भिंतीवर थर्मोकोलची गुलाबी अक्षरं चिकटवली होती, इ आणि ती, आणि त्यांच्या भोवती फुगे. स्वयंपाकघरात थोरली घुगऱ्यांसाठी रात्री भिजवलेले हरभरे निवडत बसली होती. खडा, टणक दाणा बाजूला, बाकी पातेल्यात. पलीकडच्या खोलीच्या दाराशी भावाची बायको बाळाला पाजत बसलेली. मी थोरलीसमोर मांडी घातली आणि म्हटलं, ‘सांग.’

तिनं सांगितलं ते असं. तुला माझ्या वेळी फार त्रास झाला म्हणून तुला बैलगाडीनं, मग एसटीनं मिशनच्या दवाखान्यात नेलं होतं. दादा तेव्हा फौजेत, सरहद्दीवर. थोरलीला तुझ्याजवळ ठेवलं होतं, पाणी द्यायला, निरोप द्यायला. मी झाले. तिसऱ्या दिवशी आजी आली, मला बघितलं, हातातली शिदोरी खाली ठेवायच्या आत म्हणाली, ‘नकुशी ठेवा हिचं नाव. मंजे पुढं तरी पोरगा हुईल.’ आणि चहा प्यायला बाहेर गेली. तिथे एक नर्सबाई होत्या, आपल्याच भागातल्या, ख्रिस्ती, पांढऱ्या पातळातल्या. त्यांनी ते ऐकलं होतं. त्या तुझ्या खाटेवर बसल्या आणि त्यांनी तुला विचारलं, ‘तुला काय ठेवायचंय?’

थोरली म्हणाली, ‘आई रडत व्हती. मंग म्हनली, बाई, असं नाव सांगा की सासूला चालंल, पन माज्या पोरीला लागनार न्हाई.’

त्या बाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, ‘दीना ठेव.’ तू म्हणालीस, ‘आवं, ते तर दीन झालं.’ तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, ‘तुझ्या सासूला तेच ऐकू येईल. तिला बरं वाटेल, देवापुढे नमतं घेतलं म्हणून. पण आमच्यात हे नाव आहे. माझ्या बहिणीचं आहे. इब्री भाषेतलं, दीन म्हणजे न्याय. हिला जो कुणी नको म्हणेल त्याचा निवाडा हिच्या बाजूनं झालेला आहे, असं त्या नावात आहे. सासूला तिचं घेऊ दे, पोरीला पोरीचं.’

आजी चहा पिऊन आली. तू तिला म्हणालीस, ‘आत्याबाई, नकुशी चारचौघींचं हाय. दीना ठेवूया. देवाला बी कळंल.’ आजी खूश झाली. म्हणाली, ‘शानी हायस.’

मी थोरलीसमोर बसले होते आणि माझ्या मुठीत हरभरे होते, ते मी खाली ठेवले नाहीत, पातेल्यात टाकले नाहीत. आई, तू! जी बाजारात दुकानदाराला भाव विचारायला लाजायची, जी दादांना नाव घेऊन सोड, ‘अहो’ म्हणायलाही आवाज काढायची नाही, तिनं बाळंतपणाच्या खाटेवर पडल्या पडल्या एका परक्या बाईशी संगनमत करून सासूला गंडवलं! मला हसू आलं. खरंच आलं. आणि हसता हसताच राग आला.

मी म्हटलं, ‘मग मला का नाही सांगितलं?’

थोरली म्हणाली, ‘आई म्हनायची, दीनाच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. ही आजीला जाऊन सांगंल, मंग आजी नाव बदलंल. म्हनून मला बी शपत घातली व्हती.’

‘आणि आजी गेल्यावर?’

तिनं दोन खडे बाजूला टाकले. ‘मंग सवय झाली असंल.’

सवय! आजी गेली तेव्हा मी बारा वर्षांची होते. त्यानंतर तू माझ्या लग्नापर्यंत होतीस, माझी लेक झाली तेव्हा होतीस, तिच्या बारशाला सांगलीला आलीस, पाळण्याशेजारी बसून मला डिंकाचे लाडू भरवलेस. इतक्या वर्षांत एक दुपार मिळाली नाही तुला? ज्याच्यापासून लपवायचं ते माणूसच राहिलं नव्हतं. कुलूप लावलंस ते बरोबर, मी तुला त्याबद्दल काही म्हणत नाही. चोर मेल्यावर तरी काढायचं होतंस. तू मला चांगली वस्तू दिलीस आणि ती फाटकी आहे असंच मला वाटू दिलंस. फळ्यावरचा तो शब्द, वर्गाच्या वळलेल्या माना, ते सगळं मी ऐकून घेतलं, कारण माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. होतं गं! माझ्याकडे होतं, आणि ते तुझ्याकडे होतं. आणि सासरी ते तांदळाचं ताट आलं तेव्हा तू फरशीकडे बघत राहिलीस. मी विचारलं तर थोरली म्हणाली, ‘तवा आमी काय बोलनार, परक्याच्या घरात?’

हे सगळं भावाची बायको दारात बसून ऐकत होती. बाळ पिऊन झोपलं होतं. ती कधी जास्त बोलत नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून ती हळूच म्हणाली, ‘वन्सं, तुमच्या आई लय हुशार व्हत्या.’ मी तिच्याकडे वळले. भिंतीपलीकडे ती थर्मोकोलची अक्षरं होती. मी तिला विचारलं, ‘तुला काय ठेवायचं होतं?’

तिनं आधी हॉलच्या दिशेनं बघितलं. मग म्हणाली, ‘मला पयल्यापासनं जुई ठेवायचं व्हतं. पयलीला, मंग दुसरीला. कुनी इचारलंच न्हाई.’

‘जुईच का?’

‘आमच्या परसात व्हती. वास लय आवडतो मला.’

एवढंच. त्यात नवस नाही, टोमणा नाही, छुपा अर्थ नाही, कुणाला गंडवायचं नाही. आईला आवडणारा वास. मला वाटलं, आई, तुला जर कुणी असं मोकळेपणी विचारलं असतं तर तू काय सांगितलं असतंस? त्या नर्सबाईंनी विचारलं, पण तोवर आजी चहा पिऊन येत होती, तुझ्याकडे वेळच नव्हता. तुला सासूला चालेल असंच मागावं लागलं.

दुपारी बायका जमल्या. बाळाला पाळण्याखालून वरून दिलं घेतलं, गाणी झाली. मग मला पुढे बोलावलं. भाऊ दारात उभा राहून मोबाइलवर चित्रण करत होता. मी वाकले, बाळाच्या कानाशी तोंड नेलं, कुर्र केलं आणि सांगितलं, जुई. बायकांनी रिवाजाप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे घातले. कुणीतरी विचारलं, ‘काय ठिवलं गं?’ मी उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, ‘जुई.’

सगळ्यांनी भिंतीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग भावाकडे. मोबाइल धरलेला त्याचा हात खाली आला. तेवढ्यात थोरली पातेलं घेऊन आली आणि म्हणाली, ‘चला, घुगऱ्या घ्या, गरम हायत.’ बायकांना तेच हवं होतं. हात पुढे झाले.

भावानं मला मागच्या गॅलरीत गाठलं. ‘लोकांपुढं माजं नाक कापलंस.’

मी म्हटलं, ‘नाव ठेवायला आत्या लागते म्हणून बोलावलंस ना?’

‘ठेवायला बोलावलं व्हतं, बदलायला न्हाई. तुला काय कळतंय? तिसरी पोरगी झालीया मला.’

‘मी चौथी होते.’

तो म्हणाला, ‘तुजं नाव दीना ठेवलं म्हनून मी झालो, आजी म्हनायची.’ हे तो चाळिशी उलटलेला माणूस, फौजेत नोकरी केलेला, मला सांगत होता. मी त्याला सांगितलं, दीना म्हणजे काय ते, कुणी ठेवलं ते, आईनं आजीला कसं बनवलं ते. वाटलं, त्याचा चेहरा बदलेल. तो म्हणाला, ‘मंग? त्याचं आता काय?’ आणि आत गेला. मला बसस्टँडला सोडायलाही आला नाही. मी रिक्षा करून गेले. कराडपर्यंत उभ्यानं आले. कृष्णेचा पूल गेला तरी माझं डोकं शांत नव्हतं.

चार दिवसांनी भावाच्या बायकोचा फोन आला. मी तपासणीच्या टेबलावर होते, मशीनच्या आवाजात नीट ऐकू येईना म्हणून बाहेर शेडखाली गेले. ती म्हणाली, ‘वन्सं, नगरपालिकेत नाव लिवून आले. म्या सोता गेले बाळाला घेऊन.’

‘काय लिहिलंस?’

‘जुईच.’

‘आणि तो?’

‘दोन दिस तोंड फिरवून व्हते. काल रातच्याला बाळाला ताप आला जरासा. तवा म्हनले, जुईला औशिद दिलं का?’ ती हसली. मी तिला हसताना पहिल्यांदाच ऐकलं.

तर असं झालं, आई. मुलगी जुई झाली. भाऊ माझ्याशी अजून धड बोलत नाही. बोलेल, नाही तर नाही. टेबलावरच्या मुलींना मी सांगून टाकलं की डब्यावरची दीना म्हणजे मीच. त्यातली एक आता मुद्दाम ‘दीनाताई’ म्हणते. सासूबाई आता थकल्या आहेत, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पण लेकीनं परवा विचारलं, ‘आई, तू आता नाव बदलून घेणार?’ मी म्हटलं, बदलायचं काय, ते माझंच आहे. तरी तुझ्यावरचा राग गेलेला नाही. थोरली म्हणते, आईनं जे केलं ते त्या काळात कोण करत होतं, तू तिला हात जोड. हात जोडते. एका हातानं जोडता येत नाहीत म्हणून दोन्ही जोडते, आणि मग भांडते. एवढी मोठी गोष्ट करून माणूस ती पोटात घेऊन मरतं? ती माझी होती. मला ती हवी होती, बाराव्या वर्षी हवी होती, लग्नाच्या मांडवात हवी होती. आता शेहेचाळिसाव्या वर्षी मिळाली तिचं मी काय करू ते मला अजून नीट उमगत नाही.

हे पत्र मी रविवारी दुपारी बसून लिहिलं. लेक म्हणाली, एवढं लिहिलंयस तर पाकिटात घालून ठेव, वर आजीचं नाव लिही. मी पेन घेतलं. तुझं नाव रेशन कार्डावर होतं ते मला माहीत आहे, पण ते तुला आमच्या घरात आल्यावर दिलेलं, तांदळाच्या ताटातलं. त्याच्या आधीचं? मामा तुला ‘बाय’ म्हणायचा, मामाही गेला. मी थोरलीला फोन केला. तिला माहीत नाही. मधल्या दोघींना माहीत नाही.

आम्हां चौघींपैकी कुणीच तुला कधी विचारलं नव्हतं. पाकीट कोरंच आहे.